बेन सुकचं काय?

सीडर फॉल्स ही व्हिएतनाम युद्धातली अमेरिकन सैन्याची व्हिएत काँग गनिमांविरुद्धची मोहीम. 'सीडर फॉल्समध्ये शत्रू आधीच निसटला, म्हणून मोहीम फसली' हे तिच्याबद्दलचं मत मला अपुरं वाटतं. गनिमांच्या भुयारांमधून कागदपत्रांचे ढीग मिळाले, हजारो टन तांदूळ हाती लागला. अमेरिकन सैन्याच्या दृष्टीने ही कमाई मोठीच होती.

पण त्या मतात बेन सुक या गावाचा उल्लेखच नाही! ८ जानेवारी १९६७ला सकाळी ६० हेलिकॉप्टरमधून पायदळ थेट या गावात उतरलं. सुमारे ६,००० माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, छावणीत हलवली आणि गाव बुलडोझरने सपाट केलं. मोहीम संपताच गनिमी सैनिक त्या पट्ट्यात परतले. गावकऱ्यांना मात्र परतायला घरंच उरली नव्हती. यशापयशाच्या हिशेबात हे धरायलाच हवं.