सध्या गोडसे भटजी
इतिहास आवडतो पण सनावळ्यांनी झोप येते असं ज्यांनी म्हटलंय त्यांनी विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' हे प्रवासवर्णन घ्याच, माझं सध्या तेच परत चालू आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, डोक्यावर कर्ज, तिकडे उत्तरेत शिंद्यांच्या बायजाबाई मोठा यज्ञ करणार अशी बातमी, दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर निघतो आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडतो!! झाशीला वेढा पडला तेव्हा तर हा गावातच होता. पण खरं सांगू का, लढायांपेक्षा मला त्याचं दानदक्षिणेचं, जेवणाखाणाचं बोलणं जास्त आवडतं, म्हणजे जगबुडी आलीये आणि याला घरच्या कर्जाची काळजी, एकदम आपल्यातला माणूस.

छापून आलं १९०७ मध्ये, पण ते छापणाऱ्या संपादक चिंतामणराव वैद्यांनी भाषेवर बराच हात फिरवलाय. नंतर मूळ हस्तलिखितावरूनही आवृत्ती निघाली, मिळाली तर तीच घ्या, सुरुवातीला जरा जड जाते पण सोडू नका. पुढे माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' (१८६३) काढणारे, ते मात्र सलग वाचायच्या फंदात पडू नका, कुठलंही पान उघडायचं.

कादंबऱ्या कोणीतरी सुचवा प्लीज, त्यात मी अगदीच ढ आहे.