मदत हवी आहे: बिडी ओढणाऱ्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कसा मोजायचा?

वडील ६१ वर्षांचे. वयाच्या विशीपासून ३५ वर्षं रोज चाळीसेक बिड्या, ६ वर्षांपूर्वी पूर्ण सोडल्या. त्यांचा सख्खा भाऊ फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेला. वडिलांना खोकला नाही, रक्त पडत नाही, वजनही घटलेलं नाही. लो-डोस सीटी (कमी किरणोत्सर्ग वापरून केलेला छातीचा सीटी स्कॅन) करावा का, एवढं ठरवायचंय.

असा सीटी कुणी करावा याचा अमेरिकेचा २०२१चा निकष (वय ५० ते ८०, २० पॅक-इयर्स म्हणजे रोज एक पाकीट याप्रमाणे २० वर्षं, सोडून १५ वर्षांच्या आत) सिगारेटवर बेतलेला आहे. म्हणून पीएलसीओ-एम२०१२ हे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका काढायचं गणित वापरून पाहिलं. त्यात वय, शिक्षण, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), घरातला कर्करोग, सगळं भरता येतं, पण पुन्हा रोजच्या सिगारेटीच विचारतात. एक बिडी म्हणजे एक सिगारेट धरली तर सहा वर्षांतला धोका ३ टक्क्यांच्या आसपास येतो. तंबाखूच्या वजनावरून पाव सिगारेट धरली तर १ टक्क्याच्याही खाली. तपासणीसाठी वापरली जाणारी १.५१ टक्क्यांची रेषा नेमकी या दोहोंच्या मध्ये! बिडीत तंबाखू कमी असली तरी झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात, त्यामुळे पाव धरणं मला पटत नाही.

आणखी एक: तरुणपणी टीबी झाला होता, उपचार पूर्ण केलेत, पण एक्स-रेत उजवीकडे वर जुना व्रण दिसतो. सीटीत त्यावरूनच शंका निघून बायोप्सीपर्यंत प्रकरण जाईल, ही धास्ती आहे. खर्चाची अडचण नाही, पुण्या-मुंबईला जाऊ शकतो.

छातीविकार किंवा रेडिओलॉजीतले कुणी सांगाल का: प्रत्यक्षात एका बिडीला किती सिगारेट धरता, आणि टीबीचा व्रण असताना स्क्रीनिंगचा (लक्षणं नसताना करायच्या तपासणीचा) सल्ला देता का?