शाळेत मनाचा तास हवा की नको?

रावेरची ताई: काल आप्पांनी लिहिलं, "शाळेत मानसिक आरोग्य शिकवणं म्हणजे धडधाकट पोरांना आजारांची नावं पाठ करून देणं. आमच्या वेळी नव्हतं हे." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. तुमच्या वेळीही होतं आप्पा, बोलायची सोय नव्हती. आठवीत माझ्या बाकावरची मैत्रीण शाळा सुटायच्या तासालाच म्हणायची, "पोटमा दुखस." बाई ओवा द्यायच्या. घरी बापाची दारू होती, तिला घरीच जायचं नव्हतं. दहावीला ती बसलीच नाही. एक तृतीयांश मानसिक आजार 14 वर्षांच्या आत आणि निम्मे 18 वर्षांच्या आत सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग आठवीत नाही तर कधी शिकवायचं?

आप्पा, चोपडा: पोरीचं वाईट वाटलं. पण धडा शिकवून बापाची दारू सुटते का? माझा नातू गणिताचा पेपर आला की "मला डिप्रेशन आलंय" म्हणतो, मोबाईलवरून शिकलाय. आम्ही कापूस वेचून शाळेत जायचो, मन कसंय कुणी विचारलं नाही.

धडगावचा गुरुजी: तास घेणार कोण? मतदार याद्या आम्ही करायच्या, सर्वेक्षण आम्ही, खिचडीचा हिशोब आम्ही. आता मनंही आम्हीच सांभाळायची? सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये सांगितलं, 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमा. माझा पट 38 आहे. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचं. सातपुडा उतरून नंदुरबार गाठायचं तर दिवस मोडतो. आणि पोरं घरी पावरी बोलतात. 'नैराश्य' शब्दाचा अर्थ सांगण्यातच तास संपेल.

अमळनेरचा भाऊ: गुरुजी, नेमकं बोललात. सहावीत मी "डोकं दुखस" म्हणालो, तर सरांनी उभं करून दहा वेळा "दुखतं" म्हणायला लावलं. वर्ग हसत होता. त्यानंतर शाळेत मी माझं कुठलंच दुखणं सांगितलं नाही. आधी आमची अहिराणी वर्गात येऊ द्या, मग मनाचं शिकवा.

आप्पा, चोपडा: भाषेचा वाद इथे कशाला उकरता? वेगळा धागा काढा.

अमळनेरचा भाऊ: का काढू? ज्या बोलीत पोर रडतं, तिच्यातच सांगेल ना! तुम्हीही घरी अहिराणीच बोलता, आप्पा.

रावेरची ताई: भाऊंचं पटतं. आणि आप्पा, व्याख्या पाठ करा असं मी कुठे म्हटलं? झोप, भूक, खेळ दोन आठवडे उडाले तर कुणाकडे जायचं, मैत्रीण जीव द्यायचं बोलली तर 'कुणाला सांगू नको'ची शपथ मोडून मोठ्यांना सांगायचं, एवढं शिकवा. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास. पेपरची धास्ती आणि डिप्रेशन यांतला फरकही नातवाला त्याच तासात कळेल.

आप्पा, चोपडा: तेवढं झालं तर हरकत नाही. पण याचे मार्क देऊ लागले तर पहिला विरोध माझा.

धडगावचा गुरुजी: नंबर उद्याच फळ्याशेजारी लिहितो. रेंज शाळेमागच्या टेकडीवरच मिळते, हेही कुणीतरी वर कळवा.