फीच्या पलीकडचा खर्च

वन्यजीव संवर्धनात पीएचडी करण्याबद्दलची चर्चा 'परदेशी फेलोशिप मिळाली की पीएचडीचा प्रश्न सुटला' इथवर आली आहे, म्हणून थोडी भर घालते. फी आणि राहण्या-खाण्याची सोय झाली तरी संवर्धनाच्या विषयात खरा खर्च जंगलात होतो. गाडी, डिझेल, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे), स्थानिक सहाय्यकाची रोजंदारी. वनखात्याची परवानगी लांबली आणि एक हंगाम हुकला, की पुढच्या हंगामासाठी वर्षभर थांबायचं. फेलोशिपची मुदत मात्र तुमच्यासाठी थांबत नाही.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाची 'सँडविच' पद्धत मला म्हणूनच पटते. सुरुवातीचे काही महिने आणि शेवटचं लेखन तिथे, मधलं फील्डवर्क आपल्या देशात. विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठीच ती आखलेली आहे. विद्यार्थी आपल्या जंगलापासून तुटत नाही, ही मला सगळ्यात मोलाची बाजू वाटते. पण इथल्या फील्डवर्कचे पैसे आपले आपण उभे करावे लागतात.

त्यासाठी ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनचं छोटं अनुदान जरूर बघा. ते विद्यापीठाची फी देत नाहीत, प्रत्यक्ष संवर्धनाच्या कामाला देतात. नुसत्या संशोधनाचा प्रस्ताव तिथे टिकत नाही, हेही लक्षात ठेवा.

भारतातच राहायचं असेल तर सीएसआयआर-यूजीसी या केंद्र सरकारच्या संस्थांची जेआरएफ (पीएचडी करणाऱ्यांसाठीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप) 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. एकट्याचं भागतं. पण घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या मुलामुलींचं काय? त्यांच्यासाठी वेगळी तरतूद हवीच, असं मला मनापासून वाटतं.