ट्रेलर वळणार कुठं?

काहीजण म्हणतात की पॅनेलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार तुकडे जोडून केलेल्या) घरापेक्षा मॉड्यूलर बरं, कारखान्यातून वायरिंग-संडाससकट खोली येते आणि दिवसात उभी राहते. बेळगावात हायवेलगतच्या प्लॉटवर पटतंय. पण रस्त्याचं कुणी बोललंच नाही. जांबोटीच्या पलीकडं आमच्या शेतात नुसती गाडीवाट, दोन्हीकडं काजू, वर विजेच्या तारा. वीस बाय दहाची खोली घेऊन ट्रेलर वळणार कुठं आणि क्रेन उभी करणार कुठं? त्यापेक्षा पफ फोमचं पॅनेल 50 मिलिमीटर जाडीचं घेतलं तर चौरस मीटरला साधारण 10 किलो. मीटरभर रुंद, तीन मीटर उंच पॅनेल दोन गडी आरामात उचलतात. ट्रक डांबरी रस्त्यावरच रिकामा केला, पुढं ट्रॅक्टर.

फसलो ते चौथऱ्यात. गवंड्यानं जांभ्याचा चौथरा घातला, वीस फुटांत इंचभर उतार. विटेच्या भिंतीत ते गिलाव्यात खपलं असतं. इथं खालचं यू-चॅनेलच (पॅनेल ज्यात उभं बसवतात ती पत्र्याची खाच) तिरकं, चौथ्या पॅनेलपासून खाचेत कड बसेना. सगळं सोडून वर परत काँक्रीट ओतलं. आणि खिडकीसाठी पॅनेल कापलं तिथली फोमची उघडी कड पत्र्याची पट्टी मारून बुजवायची राहिली. पावसाळ्यात मुंग्यांनी आत घर केलं, रोज सकाळी खिडकीखाली पिवळा भुसा! मॉड्यूलरवाल्यांचं हे काम कारखान्यातच उरकतं, तेवढं मानतो. आपल्याला मात्र प्रत्येक कड स्वतः वाकून बघावी लागते, तीही मिरगाच्या आत.