मीटर कुणी पाहिलाय का? मग टीआरपी कुणाचा?

घोडबंदरकर: दर गुरुवारी टीआरपी, म्हणजे कोणता कार्यक्रम किती बघितला गेला त्याचा आकडा येतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'आपली मालिका पहिली' म्हणून भांडणं जुंपतात. घोडबंदर रोडच्या एवढ्या टॉवरांत बार्कचा, म्हणजे हे आकडे काढणाऱ्या संस्थेचा, घरातल्या टीव्हीला जोडायचा मीटर पाहिलेला एक माणूस दाखवा! सगळा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार.

ऐरोली_आकडेवाला: दादा, मीटरवाल्या घरांचे पत्ते गुप्तच ठेवतात, नाहीतर चॅनलवाले पाकीट घेऊन दारात येतील. 2015 मध्ये आकडे सुरू झाले, मग घरं वाढत जाऊन 2020 पर्यंत सुमारे 44,000 झाली. निवड नीट असेल तर एवढी पुरतात. चॅनलच्या आवाजात कानाला न कळणारी खूण असते, मीटर ती पकडतो. अंदाज कुठे आला यात?

नौपाड्याची_काकू: चॅनल कळेल रे, पण समोर कोण बसलंय? त्यासाठी प्रत्येकाचं वेगळं बटण, बसता-उठता दाबायचं. आमच्या सासूबाई चष्मा डोळ्यावर असताना शोधतात, त्या दाबणार?

ऐरोली_आकडेवाला: काकू, अशा चुका सगळ्याच चॅनलच्या वाट्याला येतात.

नौपाड्याची_काकू: सारख्या कशा येतील? सासूबाई एकच चॅनल बघतात!

घोडबंदरकर: आणि गुप्त म्हणे! ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला तेव्हा आरोप हाच होता, की मीटरवाल्या घरांना पैसे देऊन ठराविक चॅनल लावून ठेवायला सांगितलं. मग बार्कने बातम्यांच्या चॅनलचे साप्ताहिक आकडेच थांबवले.

ऐरोली_आकडेवाला: मार्च 2022 मध्ये परत आले ते चार आठवड्यांच्या सरासरीने. मालिकेला प्रेक्षक भरपूर, चार घरं इकडची तिकडे झाली तरी तिला ढिम्म फरक पडत नाही. इंग्रजी बातम्या बघणारे मूठभर, तिथे थोडी घरं फिरवली की क्रमांक बदलला. राग तिथे काढा, मालिकांवर कशाला?

वाशी_लोकल: सेट टॉप बॉक्स चालू केला की आपोआप लागतो त्या चॅनलचं काय? केबलवाल्याला पैसे मोजून घेतलेली जागा ती. मी रिमोट शोधेपर्यंत निवेदक ओरडून दमतो. बार्क असे आकडे गाळते म्हणे, पण मुळात ही जागा विकूच का द्यायची? आणि माझी बायको मालिका ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर बघते. ती कुणाच्या मीटरमध्ये?

ऐरोली_आकडेवाला: कुणाच्याच नाही. हे माप टीव्हीचं, टीव्हीवरच्या जाहिरातींचा दर ठरवायला.

घोडबंदरकर: मग तीन हात नाक्यावर 'महाराष्ट्राची पहिली पसंती' असं होर्डिंग कशाला लावता? 'टीव्हीपुढे बसलेल्यांची' लिहा की!