ईएलपी परीक्षा (वैमानिकांची इंग्रजीची चाचणी): आरटी, म्हणजे रेडिओवरची ठरलेली वाक्यं, पाठ असली की झालं?

प्रश्न (अंधेरी): पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. आरटी तोंडपाठ आहे. लेव्हल ४ ला (सहापैकी चौथी पातळी, आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान) तेवढं पुरेल ना?

उत्तर १: नाही पुरणार. इथे साधं बोलतं इंग्रजी बघतात. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन, संवाद हे सहा निकष. सरासरी नसते: पाचांत ५ आणि उच्चारात ३, तर हातात ३च.

उत्तर २: आपल्याकडे गाडी अडते 'व्ही' आणि 'डब्ल्यू'वर. 'वेस्ट', 'व्हेस्ट' रेकॉर्ड करून ऐका. चित्रवर्णनाला सराव म्हणून पावसात सांताक्रूझच्या (मुंबई विमानतळाच्या) धावपट्टी २७ वरून घसरलेलं विमान घ्या. कुठलं चाक चिखलात रुतलंय, आणीबाणीत उतरायच्या स्लाइड (घसरगुंड्या) उघडल्यात का, आधी काय झालं असेल, पुढे काय करतील? क्रियापदांचे काळ नेमके इथेच चुकतात.

उत्तर ३: कळलं नाही तर सरळ 'से अगेन' म्हणा, अंदाजाने ठोकू नका. आणि हो, लेव्हल ४ वाल्यांना दर ३ वर्षांनी पुन्हा बसावं लागतं.